ईपीएस-९५: ५८ पूर्ण व्हायच्या आत काय काय साफ करून ठेवावं?

रानवारा

काकांना १४ ऑगस्ट २०२६ ला ५८ पूर्ण होतील. ईपीएस-९५ च्या (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शनसाठी फॉर्म १०-डी भरायचा आहे. नोकऱ्या तीन:

पहिली, अहिल्यानगर जिल्ह्यातला सहकारी साखर कारखाना, जून १९९२ ते मार्च २००३. पहिली पाच वर्षं हंगामी, पुढे कायम. पीएफ काढला नाही, पुढच्या कंपनीत ट्रान्सफर केला. हातात कागद म्हणाल तर २००१-०२ ची वार्षिक पीएफ चिठ्ठी तेवढी आहे.

दुसरी, पिंपरीची एक कंपनी, एप्रिल २००३ ते मे २०१६. तिचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट होता. कंपनी आता बंद आहे.

तिसरी, रांजणगाव, जून २०१६ पासून आजपर्यंत. बेसिक अधिक डीए २८,०००. पासबुकात जून २०१६ ते मे २०१९ पर्यंत पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं, त्यानंतर दरमहा १,२५०. इथे निवृत्तीचं वय ६० आहे, म्हणजे ५८ नंतरही नोकरी चालू राहणार.

प्रश्न असे: क्लेम नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो? आत्ता हातात असलेल्या महिन्यांत काय तपासावं? ऑनलाइन फॉर्म भरून देणारा म्हणतो, पेन्शन सात हजारांच्या आसपास बसेल; ते खरं का? ६० पर्यंत थांबलं तर फायदा होतो का? आणि शेवटचा प्रश्न जरा रागाचा आहे. सरकारी नोकरांच्या बाबतीत निवृत्तीच्या सुमारास पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) तयार असणं अपेक्षित असतं, मग इथे माणसाने निवृत्त झाल्यावर धावाधाव का सुरू करायची?

आकडेमोड

पैशांपासून सुरुवात करतो, कारण सात हजार हा आकडा डोक्यात राहिला तर पीपीओ हातात आल्यावर भांडण ठरलेलं.

तो आकडा कसा आला असेल ते दिसतंय. नोव्हेंबर १९९५ पासून ३१ वर्षं, त्यात २० वर्षं किंवा त्याहून जास्त सेवा असलेल्यांना मिळणारी २ वर्षांची वाढीव सेवा, एकूण ३३. गुणिले १५,०००, भागिले ७०. उत्तर ७,०७१. चूक अशी की पेन्शनसाठी धरायच्या पगाराची १५,००० ची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. त्याआधी ती ६,५०० होती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर पेन्शन दोन तुकड्यांत काढतात: ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला जास्तीत जास्त ६,५००, पुढच्या सेवेला जास्तीत जास्त १५,०००.

काकांच्या तारखा घातल्या तर:

१६ नोव्हेंबर १९९५ ते ३१ ऑगस्ट २०१४ = साधारण १८.७९ वर्षं. ६,५०० × १८.७९ ÷ ७० = १,७४५.
१ सप्टेंबर २०१४ ते १३ ऑगस्ट २०२६ = साधारण ११.९५ वर्षं. १५,००० × ११.९५ ÷ ७० = २,५६१.

बेरीज ४,३०६. यावर २ वर्षांच्या वाढीव सेवेचे काही शे रुपये, आणि जून १९९२ ते १५ नोव्हेंबर १९९५ या काळाचा लाभ वेगळा. हा शेवटचा भाग १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेतल्या सेवेचा. ११ वर्षांपर्यंतच्या अशा सेवेला मूळ रक्कम फक्त ८० रुपये असते (नोव्हेंबर १९९५ ला पगार २,५०० पेक्षा जास्त असेल तर ८५). तिला १९९५ पासून ५८ व्या वर्षापर्यंतच्या अंतराचा गुणक लागतो. काकांच्या बाबतीत ते अंतर ३० वर्षांहून जास्त असल्याने ती रक्कम कित्येक पटीने वाढते, त्यामुळे ८० रुपयांना हसून ती तीन वर्षं सोडून देऊ नका.

हे सगळं कधी मिळेल? तर प्रत्येक दिवस रेकॉर्डवर असेल तेव्हा. रेकॉर्डमधली भोकं किती रुपयांची आहेत तेही पाहा. कारखान्याची नोव्हेंबर १९९५ ते मार्च २००३ ही सेवा सापडली नाही, तर ७.३७ वर्षं × ६,५०० ÷ ७० = दरमहा ६८४ रुपये गेले, शिवाय १९९५ पूर्वीचा लाभही गेला. २०१६ ते २०१९ ची शून्यं तशीच राहिली, तर ३ × १५,००० ÷ ७० = दरमहा ६४३ गेले. दोन्ही मिळून पेन्शनचा जवळजवळ तिसरा हिस्सा, तोही तहहयात, आणि नंतर काकूंच्या पेन्शनमधूनही.

६० पर्यंत थांबण्याबद्दल. थांबल्यास दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, दोन वर्षांची ८.१६ टक्के. वर्गणी बंद ठेवून नुसतं थांबलं तर ४,३०६ वर वाढ ३५१ रुपये. दोन वर्षांत सोडलेली पेन्शन १,०३,३४४. ती ३५१ च्या हप्त्याने वसूल व्हायला २९४ महिने लागतात, म्हणजे वय ८४ च्या पुढे. वर्गणी चालू ठेवून थांबलं तर सेवाही दोन वर्षांनी वाढते: (४,३०६ + ४२९) × १.०८१६ = ५,१२१, फरक ८१५. पण त्यासाठी २४ महिने १,२५० प्रमाणे ३०,००० रुपये काकांच्या पीएफऐवजी पेन्शन फंडात जातात. ते धरून वसुली साधारण ७४ व्या वर्षाच्या आसपास. व्याज धरलेलं नाही, ते धरलं तर आणखी पुढे. दणकट प्रकृती आणि दीर्घायुषी घराणं असेल तर विचार करा, नाहीतर ५८ लाच घ्या. नोकरी चालू असली तरी पेन्शन घेता येते.

टेबल_चार

वरचा हिशेब बरोबर आहे. आता क्लेम कुठे अडतो ते.

१०-डी आला की तो आधी तुमच्या आस्थापनेचं खातं सांभाळणाऱ्या लेखा गटाकडे जातो. तिथला सहायक सेवा जुळवतो: रुजू तारीख, सोडल्याची तारीख, वर्गणी न भरलेले दिवस (याला सगळे एनसीपी म्हणतात), शेवटच्या ६० महिन्यांचा पगार. त्यावरून इनपुट डेटा शीट तयार होते, पर्यवेक्षक आणि लेखाधिकारी ती तपासतात, मग पेन्शन विभागात संगणक पेन्शन काढतो आणि पीपीओ निघतो. गणिताला वेळ लागत नाही. दिवस जातात ते सेवा जुळवण्यात. एकाच कंपनीत २०१२ नंतर लागलेल्या माणसाची सेवा पडद्यावर असते, कारण एप्रिल २०१२ पासून मालक दरमहा ईसीआर (वर्गणीचं ऑनलाइन विवरण) भरतो. त्याआधीची सेवा फॉर्म ३-ए, ६-ए, ५ आणि १० या कागदी विवरणांत आहे. १९९५ पूर्वीची सेवा मोजायला सुधारित फॉर्म ९ मधली नोंद लागते. हे कागद कधी कार्यालयाच्या अभिलेख खोलीत, कधी स्कॅन होऊन, तर कधी कुठेच नाहीत.

तुमच्या काकांच्या बाबतीत मला तीन जागा दिसतात.

एक, कारखाना ते ट्रस्ट ट्रान्सफर. लोक एक गोष्ट विसरतात: ट्रस्ट सांभाळतो तो पीएफ. पेन्शनची वर्गणी ट्रस्टवाल्या कंपनीतूनही ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) खाते क्रमांक १० मध्ये, म्हणजे पेन्शन फंडातच जाते. म्हणून २००३ मध्ये पैसे ट्रस्टकडे गेले, तरी पेन्शनची सेवा नोंदली गेलीच असेल असं नाही. तो दुवा म्हणजे ट्रान्सफरबरोबर निघणारं अ‍ॅनेक्शर के. त्यात सदस्याची रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि पेन्शनची सेवा असते. ऑनलाइन ट्रान्सफर झालेल्यांना ते आता सदस्य पोर्टलवरून उतरवता येतं. २००३ च्या कागदी ट्रान्सफरचं मात्र मागूनच घ्यावं लागेल.

पोर्टलवर आधी 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा. तिथे कारखान्याची ओळ दिसते का? नसेल, आणि नसण्याचीच शक्यता जास्त, तर २००१-०२ च्या चिठ्ठीवरचा खाते क्रमांक घेऊन कारखान्याचा कोड ज्या क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे तिथे लेखी अर्ज द्या. अर्जात चारच मागण्या: सदस्याचं लेजर, फॉर्म ३-ए च्या प्रती, फॉर्म ९ मधली नोंद, अ‍ॅनेक्शर के ची प्रत. महिन्यात उत्तर नाही आलं तर हेच शब्द माहिती अधिकाराच्या अर्जात घाला. १० रुपये शुल्क, ३० दिवस मुदत. माहिती अधिकारात 'माझी सेवा का दिसत नाही' असं विचारू नका, त्याला 'का'चं उत्तर देणं बंधनकारक नसतं. कागदाचं नाव घेऊन कागद मागा.

दुसऱ्या बाजूने कारखान्याच्या टाइम ऑफिसमधूनही ३-ए च्या कार्यालयीन प्रती मागवा. सहकारी कारखान्यांत जुनी पगारपत्रकं बरेचदा जपलेली असतात, कारण कामगारांचे न्यायालयीन दावे वर्षानुवर्षं चालतात.

दोन, हंगामी वर्षं. हा मुद्दा कारखान्याच्या कामगारांनी पाठच करायला हवा. योजनेच्या परिच्छेद ९ च्या स्पष्टीकरणानुसार हंगामी कामगाराची वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली, तरी ती पूर्ण वर्ष धरायची असते. विवरणांत मात्र गळीत हंगाम संपल्यावरचे महिने कोरे असतात, आणि नोंद करणाऱ्याने ते एनसीपी म्हणून टाकले की पाच वर्षांची अडीच होतात. अर्जासोबत कारखान्याचं एक पत्र जोडा: अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत कामगार हंगामी होता, कोरे महिने हंगामाबाहेरचे आहेत, गैरहजेरीचे नाहीत. पत्रावर आस्थापनेचा कोड आणि अधिकृत सही हवी. हे पत्र नसेल तर टेबलावरचा माणूस स्वतःच्या जोखमीवर पूर्ण वर्ष धरणार नाही.

तीन, बंद कंपनीची सोडल्याची तारीख. मे २०१६ ची 'डेट ऑफ एक्झिट' भरलेली नसेल तर पोर्टलवर 'मार्क एक्झिट' मध्ये सदस्य स्वतः आधार-ओटीपीने भरू शकतो. अट अशी की तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली हवी. मात्र एकदा भरलेली तारीख बदलायला पुन्हा जॉइंट डिक्लेरेशन (सदस्य आणि मालकाचा संयुक्त दुरुस्ती अर्ज) लागतं, म्हणून पासबुकातला शेवटचा महिना पाहूनच भरा. कंपनी बंद असल्याने नाव किंवा जन्मतारखेच्या दुरुस्तीला मालकाची सही मिळणार नाही. तिथे राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीचं साक्षांकन चालतं.

जन्मतारखेचं आत्ताच जुळवा. जानेवारी २०२४ पासून ईपीएफओ आधारला जन्मतारखेचा पुरावा म्हणून स्वीकारत नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला लागेल. आधार, पॅन, ईपीएफओ आणि बँक या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं असायला हवं. मधलं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरही क्लेम परत येतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: राज्य सरकारी कर्मचाऱ्याची सगळी सेवा एका सेवापुस्तकात असते, ते कार्यालयप्रमुखाच्या कपाटात असतं, वेतन पडताळणी पथकाने त्यावर शिक्का मारलेला असतो, आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जाणं अपेक्षित असतं. (तिथेही पडताळणीचा शिक्का राहिला की प्रकरण लोंबकळतंच, पण तो वेगळा धागा.) ईपीएसमध्ये सेवापुस्तक नावाची वस्तूच नाही. तीन मालकांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी भरलेली विवरणं जोडून ते पुस्तक १०-डी आल्यावर तयार करतात. म्हणून हे पुस्तक आधी तुम्हीच तयार करून न्या.

हजेरीपट

२०१६ ते २०१९ ची शून्यं: हा प्रकार पगारपत्रक विभागात फार दिसतो आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणारा आणि पगार १५,००० च्या वर असणारा माणूस ईपीएसचा सदस्य होत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जातात. पण जो आधीपासून ईपीएसचा सदस्य आहे, त्याचं सदस्यत्व नव्या कंपनीत पगार कितीही असला तरी चालू राहतं, मर्यादेपुरतं म्हणजे १,२५० वर. नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्म ११ मध्ये 'आधी ईपीएसचे सदस्य होता का' या प्रश्नाला 'नाही'वर खूण झाली, किंवा रकाना कोरा राहिला, की सॉफ्टवेअर त्या माणसाला नवा समजतं. २०१९ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं आणि पुढचं दुरुस्त केलं, मागचं राहून गेलं.

दुरुस्तीची वाट: कंपनीने क्षेत्रीय कार्यालयाला पत्र द्यायचं, सोबत ३६ महिन्यांचा तक्ता. प्रत्येक महिन्याला पीएफचा पगार, ईपीएसचा पगार (१५,०००), भरायला हवी होती ती रक्कम (१,२५०), प्रत्यक्ष भरलेली (०), फरक. जोडीला फॉर्म ११ ची प्रत आणि आधीच्या सदस्यत्वाचा पुरावा. कार्यालय ४५,००० रुपये आणि त्यावरचं व्याज काकांच्या खाते क्रमांक १ (पीएफ) मधून काढून खाते क्रमांक १० मध्ये वळवतं. बाहेरून नवे पैसे भरायचे नसतात, ती रक्कम आधीच त्यांच्या पीएफमध्ये जमा आहे. हे काकांना आधीच समजावून सांगा, नाहीतर पासबुकातून रक्कम गेलेली बघून गोंधळ होईल. दरमहा ६४३ च्या बदल्यात हा सौदा वाईट नाही.

महत्त्वाचं: हे ऑगस्टच्या आधी करा. ५८ नंतर दुरुस्ती होत नाही असं नाही, पण तोवर १०-डी त्याच कारणाने परत येत राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षं वजा करून मंजूर होतो आणि मग सुधारित पीपीओसाठी नवी फाइल उघडावी लागते.

ऑगस्ट २०२६ साठी कंपनीच्या कारकुनाला दोन गोष्टी लेखी द्या. पहिली, नियोक्ता पोर्टलवर ईपीएफ आणि ईपीएस यांच्या सोडण्याच्या तारखा वेगवेगळ्या भरता येतात. नोकरी चालू राहणार असल्याने ईपीएफची तारीख रिकामी ठेवायची आणि फक्त ईपीएसची भरायची. चुकून दोन्ही भरल्या तर पुढच्या महिन्याचं पीएफच अडतं. दुसरी, ५८ पूर्ण झाल्यानंतरच्या ईसीआरमध्ये ईपीएस वेतन शून्य, ईपीएस वर्गणी शून्य, आणि मालकाचा पूर्ण हिस्सा फरकाच्या रकान्यात, म्हणजे पीएफमध्ये. बऱ्याच पगार सॉफ्टवेअरांत हे वयावरून आपोआप होतं, पण जन्मतारीख चुकीची असेल तर आपोआप चुकतं. ५८ नंतर १,२५० जात राहिले तर १०-डी च्या छाननीत 'वयोमर्यादेनंतर वर्गणी' असा शेरा येतो आणि पैसे परत वळवेपर्यंत सगळं थांबतं.

जिथे निवृत्ती ५८ लाच आहे अशा वाचकांसाठी: ईपीएफओचा 'प्रयास' नावाचा उपक्रम आहे, निवृत्तीच्या दिवशीच पीपीओ हातात द्यायचा. त्यासाठी कंपनीने कागद आगाऊ पाठवावे लागतात. कंपनीला विचारल्याशिवाय ती स्वतःहून करेल अशी आशा ठेवू नका.

सावकाश

वरच्या तिन्ही प्रतिसादांत माहिती उत्तम आहे. पण सूर असा लागतोय की सदस्याने आधी तयारी केली की सगळं ठीक. हे अर्धंच खरं.

सप्टेंबर २०१४ पूर्वी ६,५०० च्या मर्यादेवर ५४१ आणि नंतर १,२५० ही रक्कम दरमहा यायला हवी, हे यंत्राला तपासता येतं. एखाद्या जुन्या सदस्याच्या रकान्यात सलग ३६ महिने शून्य आलं, तर ते २०१६ मध्येच झळकायला हवं होतं. ईसीआर मासिक आहे, यूएएन (सदस्याचा कायमचा एकच क्रमांक) २०१४ पासून आहे, वय माहीत आहे. ५५ पूर्ण झाल्यावर प्रत्येक सदस्याला 'तुमची पेन्शनची सेवा आमच्याकडे एवढी दिसते, हरकत असल्यास कळवा' असा एक कागद गेला, तर या धाग्यातलं निम्मं काम उरणार नाही. सरकारी खात्यात निवृत्त होणाऱ्यांची यादी आधीच काढतात, तीच कल्पना.

कार्यक्षमतेबद्दल बोलताना लोक खर्चाकडे बोट दाखवतात. पीएफचं प्रशासकीय शुल्क २०१५ पूर्वी वेतनाच्या १.१० टक्के होतं, मग ०.८५, मग ०.६५, आणि १ जून २०१८ पासून ०.५० टक्के. ईडीएलआयचं (पीएफला जोडलेल्या विमा योजनेचं) शुल्क एप्रिल २०१७ पासून रद्द. कागदावर संस्था स्वस्त झाली. पण जे काम कार्यालयाने करायचं ते कंपनीचा कारकून, ऑनलाइन केंद्रवाला आणि निवृत्त माणूस यांच्या वेळेत गेलं, आणि तो खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

मुदतीचंही तसंच. योजनेचा परिच्छेद १७-ए म्हणतो की सर्व दृष्टीने पूर्ण असलेला क्लेम २० दिवसांत निकाली काढायचा. पुरेशा कारणाशिवाय उशीर झाला तर १२ टक्के दंडव्याज, तेही आयुक्ताच्या पगारातून. वाचायला जबरदस्त. पण सगळी मेख 'सर्व दृष्टीने पूर्ण' या शब्दांत आहे. पहिल्यांदा फोटोची त्रुटी, ती भरली की सेवेची, ती भरली की धनादेशावरच्या नावाची. दर वेळी क्लेम परत, दर वेळी नवा क्लेम आणि नवे २० दिवस. अशा पद्धतीत सहा महिने जाऊनही मुदत एकदाही मोडलेली नसते.

यावर उपाय त्याच परिच्छेदात आहे: त्रुटी असेल तर ती लेखी नोंदवून त्याच मुदतीत अर्जदाराला कळवायची. म्हणून क्लेम पहिल्यांदा परत आला की नवा भरण्याआधी ईपीएफ-आयजीएमएस पोर्टलवर तक्रार टाका. मजकूर साधारण असा: 'क्लेम क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी अमुक कारणाने परत आला. परिच्छेद १७-ए नुसार या प्रकरणातील सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात.' रागाचे शब्द नकोत, भ्रष्टाचाराचा आरोप नको. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा; ती 'क्लेम पुन्हा सादर करा' एवढ्या एका ओळीत बंद झाली, तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर) जा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसतो. तिथे सगळ्या कागदांचा संच, वर एक पानाचा तारखांचा गोषवारा, अशी फाइल नेली तर गुंतागुंतीची जुनी सेवा बोलून समजावता येते. ऑनलाइन फॉर्मला ते जमत नाही.

रानवारा

आभार. सर्व्हिस हिस्टरी उघडली. कारखान्याची ओळ खरंच नाही. पिंपरीच्या ओळीत ईपीएसची रुजू तारीख एप्रिल २००३ आहे आणि सोडल्याची तारीख रिकामी. कारखान्याला आणि क्षेत्रीय कार्यालयाला दोन्हीकडे पत्रं तयार करतोय. रांजणगावच्या कारकुनाला ३६ महिन्यांच्या तक्त्याचं सांगितलं आहे.

आणखी दोन शंका. काकूंचं नाव आधारवर सासरचं आहे, पण पीएफच्या जुन्या नॉमिनेशनमध्ये माहेरचं. त्याने काही बिघडतं का? आणि बँक कोणती हवी? जुने लोक सांगतात की पेन्शन ठरावीक बँकांतच येते.

टेबल_चार

बँकेचं ऐकलेलं आता जुनं झालं. पूर्वी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाचे ठरावीक तीन-चार बँकांशी करार असत, गाव बदललं की पीपीओही एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठवावा लागे. जानेवारी २०२५ पासून केंद्रीय पेन्शन वितरण प्रणाली सर्व कार्यालयांत लागू आहे, कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत पेन्शन जमा होते आणि सुरुवातीला पडताळणीसाठी बँकेत जावं लागत नाही. या योजनेतलं खरोखर सुधारलेलं काम म्हणजे हे. पीपीओ निघाल्यावर पैसे महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत येतात. मार्चची पेन्शन तेवढी एप्रिल लागल्यावर.

काकूंच्या नावाचं मात्र बिघडतं, आणि ते काकांच्या हयातीत कळत नाही. १०-डी मध्ये कुटुंबाच्या तपशिलात जे नाव आणि जी जन्मतारीख जाते, तीच पीपीओवर छापून येते. पुढे विधवा पेन्शनचा (सदस्याच्या पेन्शनच्या ५० टक्के) अर्ज करताना आधार आणि पीपीओ जुळले नाहीत, तर त्या वेळी दुरुस्ती करून घ्यायला सदस्य नसतो. म्हणून आधी पोर्टलवर ई-नॉमिनेशन नव्याने भरा: काकूंचं आधारवर आहे तेच नाव, तीच जन्मतारीख, फोटो, बँक खातं. ऑनलाइन १०-डी भरायला ई-नॉमिनेशन लागतंच. मुलं २५ च्या आत असतील तर त्यांचीही नावं घाला. दोन मुलांना प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के मिळू शकतात. माहेर-सासरच्या नावांसाठी विवाह नोंदणीचा दाखला, तो नसेल तर राजपत्रातली नावबदलाची प्रत किंवा शपथपत्र काढून फाइलला लावा.

पीपीओ हातात आला की त्याच दिवशी तीन गोष्टी तपासा: सेवेची एकूण वर्षं, एनसीपी दिवस, काकूंची जन्मतारीख. चूक असेल तर पहिल्या महिन्यातच लेखी कळवा.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायचा हा नियम ईपीएसला आता नाही. वर्षात कधीही द्या, दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो, आणि नवा पीपीओ निघाल्यावर पहिलं वर्ष तो लागत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, साखर कारखान्यात किंवा यंत्रावर आयुष्य घालवलेल्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांना हे सोयीचं. भरताना पीपीओचे १२ अंक बरोबर टाका आणि संस्था निवडताना ईपीएफओच निवडा. तिथे चुकून दुसरं खातं निवडलं तर दाखला तयार होतो, पण ईपीएफओकडे पोहोचत नाही, आणि पेन्शन थांबल्यावरच ते कळतं.